डिस्क मेली, की उपाशी राहिली?

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज तीन-चार वेळा गेली आणि आली. त्यानंतर घरातल्या छोट्या स्टोरेज सर्व्हरमधून टिक-टिक आवाज येऊ लागला आणि दोनपैकी एक हार्ड डिस्क यादीतून गायब झाली. या पेटीत आमच्या घरातली पंधरा वर्षांची छायाचित्रे आहेत आणि वडिलांच्या आवाजातली काही ध्वनिमुद्रणे. वडील आता नाहीत. दुकानदाराने फोनवरच निदान सांगितले, ‘डिस्क गेली, नवी टाका.’ मी टाकली. तिच्यावर प्रत उतरत असतानाच दुसरी डिस्कही गायब झाली!

दोन डिस्क एकाच आठवड्यात मराव्यात, हे मनाला पटेना. ‘मेलेली’ डिस्क मुलीच्या डेस्कटॉपला जोडून पाहिली, तर ती ठणठणीत. दोष निघाला सहा वर्षे जुन्या अ‍ॅडॉप्टरमध्ये. तो बदलला आणि सगळे सुरळीत झाले. तेव्हापासून माझे मत पक्के आहे : डिस्कवर ठपका ठेवण्याआधी तिला पुरेशी वीज मिळते का, हे पाहिलेच पाहिजे. हा क्रम चुकला तर पैसे जातातच, पण माहितीच्याही जिवावर बेतते.

कारण समजून घेऊ. साडेतीन इंची डिस्कला दोन प्रकारची वीज लागते. ५ व्होल्ट तिच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी आणि १२ व्होल्ट चकत्या फिरवणाऱ्या मोटरसाठी. एकदा वेग पकडला की तिचे पाच ते आठ वॉटमध्ये भागते. पण थांबलेल्या चकत्यांना मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांपर्यंत नेताना काही सेकंद वीस-पंचवीस वॉट लागतात. दोन डिस्क एकदम सुरू झाल्या तर पन्नासच्या आसपास, शिवाय सर्व्हरचा स्वतःचा खर्च वेगळा. साठ वॉटचा अ‍ॅडॉप्टर नवा असताना हे कसेबसे पेलतो. उष्णतेने त्यातले कपॅसिटर सुकत जातात आणि मग ऐन गरजेच्या क्षणी व्होल्टेज घसरते. डिस्क फिरू लागते, दमते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटते, आतले यंत्रच मोडले.

मीटर लावून अ‍ॅडॉप्टर तपासला तर तो बरोबर १२ व्होल्ट दाखवतो, आणि इथेच फसगत होते. विश्रांतीत काढलेला ईसीजी चांगला येतो आणि ट्रेडमिलवर चढल्यावर हृदयाचे दुखणे उघड होते, तसेच हे. भार नसताना घेतलेले माप फारसे काही सांगत नाही आणि क्षणभराची घसरण साध्या मीटरला दिसतही नाही. त्यापेक्षा दुसरा चांगला अ‍ॅडॉप्टर लावून पाहणे, ही खरी परीक्षा. मात्र व्होल्टेज आणि पिनची धन-ऋण बाजू तीच हवी. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी नकोत.

तपासणीचा क्रमही डॉक्टरांसारखाच असावा. आधी अपाय थांबवा : पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका, फॉरमॅट करू नका, नव्या डिस्कवर प्रत उतरवण्याची घाई करू नका. जी डिस्क वाचता येते, तिच्यावरचे महत्त्वाचे आधी दुसरीकडे उतरवून घ्या. मग लक्षणे पाहा. दोन्ही डिस्क आळीपाळीने गायब होत असतील तर कारण सामाईक, म्हणजे बहुधा अ‍ॅडॉप्टर. संशयित डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून बघा. तिथे ‘इनिशियलाइज करू का?’ असा प्रश्न आला तर ‘नाही’ म्हणा. तिथेही ती टिक-टिक करत असेल तर ताबडतोब बंद करा आणि माहिती मोलाची असेल तर जाणकाराकडे न्या.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ‘स्मार्ट’ नावाची नोंद ठेवते, ती वाचा. अचानक वीज तुटल्याचा आकडा वाढत असेल आणि खराब जागांचे आकडे शून्य असतील, तर संशय विजेवर. खराब जागा वाढत असतील तर मात्र डिस्क खरोखर आजारी आहे. सीआरसी त्रुटी वाढत असतील तर माहितीची केबल किंवा तिचा जोड पाहा.

दुकानदाराला मी सर्वस्वी दोष देत नाही. डिस्क हे फिरते यंत्र आहे, ते कधी ना कधी झिजणारच. पण फोनवर निदान करणे आणि तपासून निदान करणे, यांत फरक आहे. पेटी विकताना अ‍ॅडॉप्टर किती वॉटचा आणि सर्व डिस्क एकदम सुरू झाल्यावर किती वॉट लागतात, हे दोन आकडे ग्राहकाला सांगायला काय हरकत आहे? डिस्कवर हजारो रुपये घालणारे आपणही यूपीएस घेताना हात आखडतो. घरात इन्व्हर्टर आहे, एवढ्यावर विसंबू नये. साध्या इन्व्हर्टरला वीज बदलायला लागणाऱ्या क्षणात सर्व्हर बंद पडू शकतो.

दोन डिस्कवर एकच माहिती ठेवली की ती सुरक्षित झाली, असे मीही समजत होतो. पण दोन्ही डिस्क एकाच अ‍ॅडॉप्टरवर जगत होत्या. तो कोलमडला असता तर दोन्ही प्रती एकदम गेल्या असत्या. आता वडिलांच्या आवाजाची एक प्रत बहिणीच्या घरी, तिच्या कपाटात आहे. तिला कसलीही वायर जोडलेली नाही.