गढीच्या पायात कोण गाडले गेले?

लातूर-नांदेड जिल्ह्यांत अनेक गावांच्या उंचवट्यावर पांढऱ्या मातीची गढी दिसते. कुठे एखादा बुरूज उभा, कुठे नुसता ढिगारा. उदगीर, औसा, कंधारच्या किल्ल्यांची नावे निदान इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. गढ्यांना तेवढीही जागा नाही. 1948 च्या पोलीस कारवाईने निजामी राजवट संपली, 1949 मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या आणि गढ्यांचा दरारा ओसरला. गावाने तीच माती आपल्या धाब्याच्या घरांवर नेऊन टाकली.

गढी ढासळली, दंतकथा ढासळल्या नाहीत. खाली मोहरांचे हंडे आहेत, त्यांवर नाग बसला आहे, भुयार थेट किल्ल्यात निघते, असे सांगतात. मग आवाज खाली आणून आणखी एक गोष्ट सांगतात. बुरूज टिकेना, म्हणून महाराचे किंवा मांगाचे जोडपे पायात जिवंत गाडले! ही कथा केवळ मराठवाड्याची नाही. पुण्याकडच्या पुरंदर किल्ल्यासंबंधी नाथनाक आणि देवकाई यांची अशीच कथा आहे.

आम्ही वकिली करतो. ऐकीव गोष्ट हा पुरावा नव्हे, हे आम्ही जाणतो. प्रत्येक बुरुजाखाली हाडे सापडतील असा आमचा दावा नाही. पण या कथेत बळी द्यायला देशमुखाचा मुलगा का सापडत नाही? कोणाचा जीव स्वस्त मानला जात होता, याची ही गावाने स्वतःच्या तोंडाने दिलेली कबुली आहे. काही जण तिला स्वामिनिष्ठेचा मुलामा देतात. ज्याला नकार देण्याचा अधिकारच नाही, त्याची निष्ठा कसली? ती वेठ होती, आणि बाबासाहेबांच्या संविधानाने कलम 23 अन्वये वेठबिगारीला मनाई केली आहे.

गुप्तधनाचा नाद मात्र सुटलेला नाही. 2013 साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला आणि त्याच्या नावातच 'नरबळी' हा शब्द घालावा लागला. जमिनीत निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे 1878 चा कायदा सांगतो. मांत्रिकाला कळवावे असे कोणताही कायदा सांगत नाही.

गढ्या पाडा, असे आम्ही म्हणणार नाही. त्या जतन व्हाव्यात. पण तिथे फलक लागेल तेव्हा त्यावर केवळ मालकाची वंशावळ नको. माती कोणी वाहिली, पहारा कोणी दिला, मेलेली ढोरे कोणी ओढली, हेही लिहा. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना ते आठवते. आमच्या शिकलेल्या तरुणांनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे. ती माणसे गेली की गावात फक्त नाग आणि हंड्यांच्या गोष्टी उरतील.