नाकारलेल्या हृदयांचा हिशोब

आमच्या धंद्यातलं एक जुनं सत्य आहे. ज्या आकड्यावर वर्षअखेरचं रेटिंग ठरतं तो आकडा सुधारतो. काम सुधारतंच असं नाही. सपोर्ट टीमला सांगून बघा की "तुम्ही घेतलेल्या तिकिटांपैकी किती सुटली" एवढंच मोजणार. पंधरा दिवसांत टीम अवघड तिकिटं हातात घ्यायचंच बंद करते. आकडा ९८ टक्के, मॅनेजर खूश, आणि अवघड तिकीटवाला ग्राहक बसलाय बोंबलत.

ग्राहक फार तर दुसरी कंपनी शोधतो. पण हाच खेळ लहान मुलांच्या हृदय प्रत्यारोपणात चालला तर? अमेरिकेत तो वर्षानुवर्षं चालला. म्हणून आज जरा चिडूनच लिहितोय.

आधी मामला समजून घेऊ. मेंदूमृत दात्याचं हृदय उपलब्ध झालं की तिथे ते यादीच्या क्रमाने एकेका रुग्णालयाला देऊ केलं जातं. तिथला डॉक्टर रिपोर्ट बघतो. हृदय किती जोरात रक्त ढकलतंय, ते चालू ठेवायला औषधं किती लागतायत, दात्याला सीपीआर द्यावा लागला होता का, वजन जुळतंय का, आणायला किती तास लागतील. बर्फात ठेवलेल्या हृदयाचा हिशोब साधारण चार तासांचा, त्यापुढे धोका चढत जातो. मग हो किंवा नाही. नाही म्हटलं की फोन पुढच्याला. सगळेच नाही म्हणाले की ते हृदय दात्याबरोबर मातीत जातं.

आता गंमत बघा. यादीत विसाव्या नंबरवर फोन आला म्हणजे आधीच्या एकोणीस जणांनी नको म्हटलंय, हे न सांगताही कळतं. त्यातल्या कुणाचा पेशंट तापाने फणफणला असेल, कुणाला आकार जुळला नसेल. पण विसाव्याला वाटतं, "इतक्यांनी नाकारलंय, काहीतरी खोट असणार." नकाराची साथ पसरते ती अशी.

आणि थांबलेली मुलं? १९९९ ते २००६ या काळात अमेरिकेत यादीवर आलेल्या ३,०९८ मुलांचा अभ्यास २००९ साली 'सर्क्युलेशन'मध्ये आला. त्यातली १७ टक्के मुलं वाट बघता बघता गेली. म्हणजे दर सहांत एक! पुढे डिसेंबर २०११ मध्ये 'बर्लिन हार्ट' या मुलांसाठीच्या कृत्रिम पंपाला तिथे मंजुरी मिळाली आणि यादीवरचे मृत्यू घटले, हे खरं. पण पंपावर थांबणंही फुकट नसतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत ४८ मुलं होती, आणि त्यातल्या २९ टक्क्यांना पक्षाघाताचा झटका आला.

तर माझा मुद्दा सरळ आहे. देऊ केलेलं हृदय आदर्श हृदयाशी ताडून बघणं ही चूक आहे. ते ताडायला हवं वाट बघण्याशी. कारण नकार दिल्यावर मुलाला आदर्श हृदय मिळत नाही, मिळते ती फक्त आणखी एक रात्र.

"पण दर्जा कमी म्हणजे मूल लवकर जाणार ना?" हे वाटतं तितकं खरं नाही. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडाचे सर्जन लिओनार्ड बेली आठवतात? १९८४ मध्ये 'बेबी फे' या तान्ह्या मुलीला बबून माकडाचं हृदय बसवणारे तेच. ती जेमतेम तीन आठवडे जगली आणि जगभर गदारोळ झाला. माकडाचं हृदय का, तर एवढ्या लहान बाळाला माणसाचं हृदय मिळण्याची आशाच कुणाला नव्हती. पुढच्याच वर्षी बेलींनी एका नवजात बाळाला माणसाचं हृदय यशस्वीपणे बसवलं. आणि २००९ मध्ये त्यांच्या गटाने एक निबंध छापला. विषय काय, तर दर्जाच्या कारणाने नाकारली गेलेली हृदयं मुलांना बसवणं! निष्कर्ष असा की ती मुलंही इतरांइतकीच जगली. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी हृदय नाही म्हणून माकडाकडे जाणारा माणूस, आता लोकांनी नाकारलेली माणसांची हृदयं वापरून दाखवत होता.

यामागे कारणही आहे. मेंदू मरताना शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो आणि त्या धक्क्याने हृदय काही काळ मंदावतं. नेमका तेव्हाच काढलेला इको बघून "हृदय कमजोर" म्हणणं म्हणजे सर्व्हर रीस्टार्ट होत असताना त्याचा स्पीड मोजण्यातला प्रकार. २०२३ साली 'डोनर हार्ट स्टडी' या अमेरिकी अभ्यासाने, मुख्यतः प्रौढांसाठी, दाखवलं की अशी बरीच हृदयं पुढच्या तपासणीपर्यंत सावरतात आणि सावरलेली हृदयं बसवली तर छान चालतात.

आणि काही 'नियम' तर निव्वळ सवयी असतात. रक्तगट जुळायलाच हवा हा ब्रह्मवाक्य मानलेला नियम घ्या. तान्ह्या बाळांच्या रक्तात दुसऱ्या गटाविरुद्धची प्रतिद्रव्यं अजून फारशी तयार झालेली नसतात, हे हेरून टोरांटोमध्ये लोरी वेस्ट यांच्या गटाने १९९६ पासून न जुळणाऱ्या गटाची हृदयं बसवली. २००१ साली त्यांनी दहा बाळांची हकीकत छापली. त्यांच्याकडच्या यादीवरचं बाळांचं मृत्यूचं प्रमाण ५८ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं होतं. हृदयं तीच, बदलला तो फक्त 'नाही' म्हणण्याचा निकष.

मग लोक नाही का म्हणत राहिले? इथे आपलं सपोर्ट तिकीट परत येतं. अमेरिकी सरकारने २००७ पासून केंद्रांची मान्यता एक वर्षानंतर किती रुग्ण आणि रोपित अवयव टिकले याच्याशी बांधली. जोखमीचं गणित मांडत असत, नाही असं नाही. पण जिथे वर्षाला दहा-पंधराच प्रत्यारोपणं होतात तिथे दोन मृत्यूंनी सगळा तक्ता लाल होतो. बसवलेल्या हृदयाचा मृत्यू डॉक्टरच्या खात्यावर पडायचा. न बसवलेल्या हृदयाचा मृत्यू 'आजाराच्या' खात्यावर. २०१९ मध्ये ही अट पुन्हा मान्यता देताना लावणं थांबलं. २०२३ पासून देऊ केलेले अवयव किती स्वीकारले हेही मोजतात, आणि २०२४ पासून यादीवरचे मृत्यूही. इतकी साधी गोष्ट, पण यायला इतकी वर्षं गेली!

प्रौढांच्या बाबतीत २०२० साली एका अभ्यासात दिसलंच होतं: जी केंद्रं जास्त हृदयं स्वीकारतात त्यांच्या यादीवर कमी लोक मरतात, आणि पाच वर्षांनंतर त्यांचे रुग्ण मागेही पडलेले नसतात.

आता नेहमीचा प्रश्न येणार: "स्वतःच्या पोरासाठी घेशील का असलं हृदय?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धवट आहे. माझं पोर घरी खेळतंय की व्हेंटिलेटरवर आहे, हे आधी सांगा. पहिलं असेल तर थांबेन. दुसरं असेल तर "असलं म्हणजे नेमकं कसलं" हे डॉक्टरला विचारेन, आणि बहुधा घेईन. प्रत्येक नकार चुकीचा असतो असं मी मुळीच म्हणत नाही. फारच लहान आकार, फार लांबचा प्रवास, संसर्ग, किंवा एकाच हृदयात यातल्या तीन-चार गोष्टी एकत्र, अशा वेळी नाही म्हणणंच शहाणपणाचं. माझा आक्षेप आहे तो नकाराला फुकट समजण्यावर. आणि सगळं सुरळीत झालं तर मिळतं काय तेही बघा. पहिल्या वर्षाच्या आत हृदय मिळालेली बाळं निम्म्याहून अधिक वेळा वीस वर्षांपुढे जातात. कॉलेजात जाणारं पोर म्हणजे!

आपल्याकडे बघू. फेब्रुवारी १९६८ मध्ये, बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर तीनेक महिन्यांतच, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केलं होतं. रुग्ण काही तासांतच गेला, पण धाडस मोठं होतं. कायदा आला १९९४ मध्ये. २०२३ साली देशात १,०९९ मृत्यूपश्चात दाते होते आणि हृदय प्रत्यारोपणं २२१. उरलेली सगळी हृदयं चालण्याजोगी होती असं कुणी म्हणणार नाही. पण किती देऊ केली, किती नाकारली, कुठल्या कारणाने आणि त्यातली मुलांसाठी किती, हे रुग्णालयवार लोकांसमोर यायला हवं. ज्या आईबापांनी आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी आपल्या लेकराचं हृदय देऊ केलं, त्यांना ते का वापरलं नाही हे कळायला नको?

अमेरिकेने आधी चुकीचा आकडा मोजला आणि मग दुरुस्त केला. आपल्याला पहिल्यापासून बरोबर मोजायची संधी आहे. स्वीकार आणि नकार, दोन्ही एकाच तक्त्यात, शेजारी शेजारी.

असो. पटलं नसेल तर खुशाल भांडा. फक्त भांडताना "चांगलं हृदय" म्हणजे कशाच्या तुलनेत चांगलं, एवढं आधी सांगा.