अंडे कोणी उकडायचे?

अंडे उकडणे ही गोष्ट इतकी सामान्य समजली जाते की तिच्यासाठी पक्षाच्या साप्ताहिकाने रकाने खर्च करावेत, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गरिबाच्या ताटातला प्रश्न सामान्य वाटतो तो ज्यांच्या ताटात तो कधी उद्भवतच नाही त्यांना. नांदेड-लातूरकडच्या मजुराच्या घरी आठवड्याला चार अंडी येत असतील, तर त्यांतले एकही फुटून वा नासून जाणे त्या घराला परवडत नाही. आणि तेवढीही येत नसतील, तर शाळेत तरी त्या लेकराला अंडे मिळावे की नाही, हा प्रश्न चुलीपासून थेट राज्याच्या अंदाजपत्रकापर्यंत पोहोचतो.

सुमारे ५० ग्रॅमच्या अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात, आणि शरीराला बाहेरूनच मिळवावी लागणारी सर्व अमिनो आम्ले त्यात असतात. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी पडते. ती उणीव डाळ भरून काढते. पण लातूरसारखी तुरीची मोठी बाजारपेठ उशाशी असूनही तूर काढणाऱ्याच्या वरणात डाळीपेक्षा पाणीच अधिक असते. शिवाय ब-१२ हे जीवनसत्त्व डाळ-भाकरीतून मिळतच नाही. अशा घरात एका अंड्याचे मोल मोठे आहे.

तालमीतून आलेला एक समज मात्र सोडून दिला पाहिजे. कच्चे अंडे अधिक ताकद देते, हे खरे नाही. कच्च्या अंड्यातील प्रथिने शरीर जेमतेम निम्मी पचवते. शिजवलेल्यातील नव्वद टक्क्यांच्या आसपास. कच्च्या अंड्यातून पोटाच्या रोगजंतूंची भीतीही असते. म्हणून अंडे नीट उकडलेलेच खावे.

ते उकडण्याची रीत साधी आहे. प्रथम अंडे पाण्यात सोडून पाहावे. तळाशी आडवे राहिले तर ताजे. उभे राहिले तर जुने, पण बहुधा खाण्याजोगे. वर तरंगले तर टाकून द्यावे. तडकलेले घेऊ नये. अंडी धुऊन पातेल्यात एकाच थरात ठेवावीत आणि वर बोटभर येईल इतके गार पाणी घालावे. उकळत्या पाण्यात एकदम सोडल्यास जाड टोकाकडची हवा झपाट्याने प्रसरण पावते व कवच तडकते. पाण्याला उकळी आली की घट्ट झाकण ठेवून गॅस बंद करावा, चूल असेल तर लाकडे ओढून घ्यावीत, आणि बारा मिनिटे तसेच राहू द्यावे. पातेले जाड बुडाचे असेल तर साठलेल्या उष्णतेवर बलक पूर्ण घट्ट होतो आणि इंधन वाचते. नंतर अंडी गार पाण्यात टाकावीत. बलकाभोवती हिरवट कडे दिसले तर ते विष नव्हे. जादा उकडल्याने गंधक आणि लोह यांचा संयोग होऊन ते येते. अगदी ताज्या अंड्याचे कवच सोलताना चिकटते, चार-सहा दिवसांच्या अंड्याचे सहज निघते.

पाण्याचाही विचार करावा लागतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आणलेले पाणी ज्या लातूरला प्यावे लागले, तेथे पातेलेभर पाणी ही क्षुल्लक गोष्ट नाही. टंचाईत भांड्यात दोन बोटे पाणी घालून, घट्ट झाकण लावून नुसत्या वाफेवर बारा-तेरा मिनिटांत अंडी तितकीच चांगली उकडतात. मात्र वैशाखाच्या उन्हात उकडलेले अंडे तासाभरापलीकडे ठेवू नये आणि खाण्याच्या वेळीच सोलावे.

ही झाली घरची गोष्ट. ज्याच्या घरी अंडेच नाही, त्याला ही रीत सांगून काय उपयोग? येथे शासनाचे काम सुरू होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा अन्य फळ, देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी काढून घेण्यात आला. अंडी द्यायची असतील तर शाळांनी लोकसहभागातून द्यावीत, असे सांगण्यात आले. खर्च होता वर्षाला सुमारे ५० कोटी रुपये. त्या वर्षीचा राज्याचा अर्थसंकल्प सहा लाख कोटींहून मोठा होता. म्हणजे बारा हजार रुपयांतला एक रुपया लेकरांच्या अंड्यासाठी जड झाला!

'लोकसहभाग' हा शब्द कानाला गोड लागतो. पण ज्या गावची निम्मी माणसे ऊसतोडीला किंवा पुण्याच्या बांधकामावर गेलेली आहेत, त्या गावाने सहभाग कशातून द्यायचा? जेथे धनिक आहे तेथे अंडे, जेथे नाही तेथे नुसती खिचडी, असाच त्याचा अर्थ होतो. हक्काची वस्तू अशा रीतीने दानधर्माची होते. विसंगती अशी की किनवट-माहूरच्या आदिवासी पाड्यांवरील अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेखाली २०१६ पासून बालकांसाठी अंडी वा केळी मंजूर झाली. तेच मूल पहिलीच्या वर्गात बसले की त्याची गरज संपली, असे मानायचे काय?

देगलूर आणि उदगीर यांच्या सीमेला बीदर जिल्हा लागून आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख एकाच निजामी अमलाखाली होता; दारिद्र्यही एकच होते. त्या बीदरमध्ये डिसेंबर २०२१ पासून शाळेत अंडी देण्यास सुरुवात झाली. मठांकडून विरोध झाला, तरी कर्नाटक सरकारने योजना मागे न घेता पुढे ती राज्यभर नेली. तामिळनाडूने १९८९ मध्ये पंधरवड्याला एका अंड्याने आरंभ केला आणि २०१० पर्यंत आठवड्याला पाचपर्यंत मजल मारली. तेथे जे शक्य झाले ते महाराष्ट्रात अशक्य ठरण्याचे कारण तिजोरीत नाही, इच्छेत आहे.

शाकाहारी कुटुंबांच्या भावनांचा आदर झालाच पाहिजे. कोणाही मुलावर सक्ती नको, म्हणून तर फळाचा पर्याय होता. परंतु एकाने खायचे नाही म्हणून दुसऱ्यालाही मिळू द्यायचे नाही, याला सहिष्णुता म्हणत नाहीत.

राहिला प्रश्न शीर्षकातला. दोनशे पटाच्या शाळेत नियमाने तीन स्वयंपाकी-मदतनीस असतात, आणि त्या बहुधा स्त्रियाच असतात. खिचडी शिजवून, भांडी घासून, वर दोनशे अंडी निवडायची, उकडायची आणि सोलायची. २०२३ मध्ये त्यांचे मानधन दीड हजारांवरून अडीच हजारांवर आले. केंद्राचे परिमाण २००९ पासून एक हजारावरच ठेवलेले होते. पंचवीस दिवसांच्या महिन्यात हा रोज शंभर रुपये पडतो. अंड्याची मागणी करताना ते उकडणारीच्या मजुरीची मागणी विसरली गेली, तर ती मागणी अपुरी आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी गावोगाव शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय काढावा, ग्रामसभेचा ठराव करून घ्यावा आणि अंडे, इंधन व मजुरी या तिन्हींचा खर्च शासनाने उचलावा अशी मागणी लावून धरावी. आणि ठराव करून घरी परतल्यावर अंडी स्वतः उकडावीत. स्त्रियांच्या श्रमावर सभेत बोलणाऱ्याच्या घरी चुलीपुढे एकटी बायकोच बसलेली असेल आणि चार अंड्यांतले एकही तिच्या ताटात पडत नसेल, तर त्या भाषणावर गावाने विश्वास का ठेवावा?