राह्याचा बाप गाण्यात का नाही?

प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' (२०१८) हा चित्रपट म्हणजे मुळात गेलेल्या जमिनीची गोष्ट. बाप शेत विकतो, पैसा हातात राहत नाही, घर हमालीवर येते. पोरगा राह्या टोळीत शिरतो आणि शेवटी मारला जातो. लोकांनी उचलले ते त्यातले 'अरारारा खतरनाक' हे गाणे. भाईच्या वाढदिवसाला डीजेवर तेच वाजते. बापाच्या पाठीवरचे पोते कुणाच्या रीलमध्ये दिसत नाही.

अमेरिकेत हे आधीच घडले होते. 'स्कारफेस' (१९८३) या चित्रपटातला गुंड टोनी मोंटाना शेवटी स्वतःच्याच महालात गोळ्या खाऊन पाण्यात पडतो. रॅपवाल्यांनी त्याचा महाल घेतला, ऐट घेतली. ह्यूस्टनच्या एका रॅपरने तर स्कारफेस हे नावच घेतले. चित्रपटात आपण गुंडाकडे बाहेरून बघतो, त्याचा शेवट होईपर्यंत बसून राहतो. रॅपमध्ये 'मी' बोलतो, तीन मिनिटांत, आणि ऐकणारा पोरगा त्या 'मी'त सहज शिरतो. ह्यूस्टनच्या त्याच रॅपरने मरणाची भीती आणि अपराधाचे ओझेही गायले आहे. आपल्याकडे नक्कल होते ती फक्त हत्यार आणि गाडीची.

वाशीमच्या पोराला उसनी बंदूक कशाला हवी? मालेगाव, शेलूबाजार, कारंजा या पट्ट्यातून समृद्धी महामार्ग गेला. मोबदल्यातून कुणी दुसरीकडे शेत घेतले, कुणी घर बांधले, कुणाचा पैसा गाडीत आणि लग्नात गेला. उरलेल्या वावरात सोयाबीन आहे आणि दरवर्षी भावाची तीच चिंता. राह्याच्या गोष्टीचा पूर्वार्ध इथे घरोघरी ठाऊक आहे. तो वऱ्हाडी बोलीत, ठेक्यावर आला तर मुंबई-पुण्याच्या कुठल्याही रॅपपेक्षा जोरकस होईल.

पण खरे बोलणाऱ्याला आपण कसे वागवतो? २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगसेने राज्यातल्या सत्तांतरावर रॅप केले, तर त्याच्यावर अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. ते पाहून पोरे भाईगिरीची गाणी रचायला लागली, तर दोष त्यांचा एकट्यांचा नाही. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी यंदाच्या स्नेहसंमेलनात अशा पोरांना माईक द्यावा, आणि गाण्यात आमदाराचे किंवा तलाठ्याचे नाव आले म्हणून तो काढून घेऊ नये.