किमान रक्कम, कमाल ओझे

पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. लुटालूट झाली, आगी लागल्या. पण त्या दंग्याचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, कागदावर होता. कर्जरोखे आणि खाती बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली. ज्या कागदावर अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे, मुद्दल किती, व्याज किती आणि फिटले किती, हे त्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. या उद्रेकानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो स्वतंत्र कायदा झाला, त्याने न्यायालयाला रोख्यावरील आकड्यापाशी न थांबता त्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहारापासून हिशेब तपासण्याचा अधिकार दिला.

आज दीडशे वर्षांनंतर क्रेडिट कार्ड बाळगणाऱ्या मध्यमवर्गाला वाचता येते. त्याचा कागद दरमहा न चुकता त्याच्या दूरध्वनीवर येऊन पडतो. तरीही तो वाचला जात नाही. त्यातील दोनच आकड्यांकडे दृष्टी जाते : एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. पहिला आकडा छातीत धडकी भरवतो, दुसरा धीर देतो. धीर देणारा आकडा भरला जातो आणि कागद मिटला जातो. साक्षर माणसाने आपण होऊन पत्करलेली ही निरक्षरता आहे. देशातील चालू क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या सुरुवातीस दहा कोटींच्या पुढे गेली. ही निरक्षरता किती घरांत शिरली असेल, याचा अंदाज त्यावरून करावा.

हा 'किमान' शब्द मोठा फसवा आहे. अनेक बँकांत ही रक्कम येणे बाकीच्या सुमारे ५ टक्के असते. कार्डावरील व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. आणि त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के वस्तू व सेवा कर. समजा, कार्डावर एक लाख रुपये थकले आहेत. पहिल्या महिन्याचे व्याज ३,५०० रुपये, त्यावरील कर ६३० रुपये. पाच हजारांची किमान रक्कम भरणाऱ्याचे ४,१३० रुपये तेथेच संपतात. मुद्दलातून वजा होतात फक्त ८७० रुपये. पुढे एका पैशाचीही नवी खरेदी न करता दरमहा ५ टक्केच भरत राहिल्यास पाच वर्षांत सुमारे दोन लाख चौतीस हजार रुपये भरले जातील आणि तरीही सुमारे ५९ हजार रुपये शिल्लक राहतील. याउलट, त्याच कर्जावर दरमहा ठरवून दहा हजार भरले तर ते चौदाव्या महिन्यात संपते. फरक उत्पन्नाचा वाटतो. पुष्कळदा तो केवळ निश्चयाचा आणि मांडणीचा असतो.

अशा थकबाकीच्या मागे उधळपट्टीच असते, असा एक समज आहे. परदेशी सहली, महागडे दूरध्वनी, हॉटेलांतील मेजवान्या वगैरे. तशी उदाहरणे आहेतच. पण ज्या घरांसाठी हा प्रश्न खरोखर जीवघेणा ठरतो, तेथील थकबाकी बहुधा जूनमधली शाळेची फी, आईवडिलांचे एखादे आजारपण आणि दिवाळी यांतून साठलेली असते. नंतर ती हलत नाही, याचे कारण रोजच्या खर्चात दडलेले असते.

डोंबिवलीतील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. नवऱ्याचा पगार आणि बायकोच्या शिकवण्या मिळून ६५ हजार रुपये हाती येतात. घराचा हप्ता २१ हजार, सोसायटीची वर्गणी अडीच हजार, किराणा-दूध-भाजी १४ हजार, फी आणि क्लास सात हजार, वीज-गॅस-दूरध्वनी साडेचार हजार, जाण्यायेण्याचे साडेतीन हजार, आईवडिलांची औषधे चार हजार, विम्याचा हप्ता अडीच हजार आणि म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक तीन हजार. एकूण ६२ हजार. यात नाव ठेवण्यासारखे काहीच नाही. उलट, हे घर नेटके आहे. शिल्लक राहतात तीन हजार, आणि कार्डाची किमान रक्कम मागते पाच हजार. दोन हजार कमी पडतात. पाच हजार भरले जातात, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दोन हजारांचे वाणसामान त्याच कार्डावर येते. मुद्दल ८७० ने उतरले आणि दोन हजारांनी चढले. म्हणजे इमानेइतबारे दरमहा पाच हजार भरणाऱ्या या घराचे कर्ज दरमहा सुमारे अकराशे रुपयांनी वाढत आहे! आपण कर्ज फेडत आहोत, या समाधानात ते वाढत आहे, ही त्यातील सर्वांत वाईट गोष्ट.

त्यात आणखी एक मेख आहे. कार्डावरील खरेदीला चाळीस-पन्नास दिवसांपर्यंत व्याज नसते, हे सर्वांना ठाऊक असते. ही सवलत मागील बिल पूर्ण भरणाऱ्यालाच मिळते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बाकी शिल्लक असेल तर नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. म्हणजे थकबाकीदाराच्या घरची तूरडाळ शेजाऱ्याच्या तूरडाळीपेक्षा महाग पडते. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागल्यावर तर भाजीवाल्याच्या गाडीवरील चौकोनातूनही उधारी करणे शक्य झाले. पैसे बचत खात्यातून गेले की कार्डातून, हे देणाऱ्याच्याही ध्यानात राहत नाही.

अशा ऋणकोला कायद्याचा आधार किती, हेही पाहिले पाहिजे. व्याजाला मर्यादा असावी, हा विचार या भूमीला नवा नाही. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हे दामदुपटीचे तत्त्व मनुस्मृतीइतके जुने आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत ते मान्य केले आणि पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यातही ते आले. बँका मात्र सावकारी कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. बँकेने आकारलेले व्याज अवाजवी आहे, एवढ्या कारणावरून न्यायालयाने व्यवहार पुन्हा उघडू नये, असे बँकिंग नियमन कायद्याचे कलम २१-अ सांगते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. न्यायालयाचा कायदेशीर युक्तिवाद आपल्या जागी असेल. पण सराफाच्या पेढीवर जो दर ऐकून गिऱ्हाईक पायरी उतरेल, तो दर वातानुकूलित कार्यालयातून आला की सभ्य का ठरतो, या प्रश्नाचे उत्तर त्या निकालानेही मिळालेले नाही. तसेही दामदुपटीचे जुने तत्त्व येथे अपुरेच पडले असते. किमान रक्कम भरणाऱ्याचे व्याज कधी साठतच नाही. ते महिन्याच्या महिन्याला वसूल होत राहते. वरच्या उदाहरणात पाच वर्षांत व्याज आणि कर मिळून मुद्दलाच्या जवळजवळ दुप्पट रक्कम गेली. पण एका वेळी पाहिले तर कोठेच काही वावगे दिसत नाही.

रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत काही चांगले नियम घातले. न मागता कार्ड देऊ नये, स्पष्ट संमतीवाचून मर्यादा वाढवू नये, केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास फेड वर्षानुवर्षे लांबेल असा इशारा बिलातच द्यावा, न भरलेले शुल्क व कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावू नये. वसुलीचे दूरध्वनी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर करू नयेत, हेही त्याच वर्षी ठरले. पण व्याजदराला कमाल मर्यादा नाही. तेव्हा घरानेच आपली मर्यादा आखणे आले.

पहिली गोष्ट गणिताची नाही. अशा घरांत पुष्कळदा कार्डाची बाकी एकालाच ठाऊक असते. नवरा बायकोपासून लपवतो. क्वचित उलटही घडते. आईवडिलांना तर कळू द्यायचेच नाही, असा जणू करार असतो. लपवलेल्या कर्जासाठी घरात काटकसर मागता येत नाही, कारण कारण सांगता येत नाही. म्हणून किमान रकमेचा आधार घेतला जातो. ती कोणालाही न कळता भरता येते. एका संध्याकाळी सर्व कार्डांची बिले जेवणाच्या टेबलावर मांडणे, मोठ्या मुलांनाही त्यात बसवणे, हे मनाला जड जाणारे काम आहे. त्यावाचून पुढचे काहीच जमत नाही.

त्यानंतर रोजचा खर्च कार्डापासून तोडावा. कार्ड दूरध्वनीतील ॲप्समधून, खरेदीच्या संकेतस्थळांवरून आणि यूपीआयमधून काढून कपाटात ठेवावे. एका पिढीपूर्वी पगाराच्या दिवशी दूध, किराणा, फी अशी पाकिटे करून त्यांत नोटा ठेवण्याची रीत होती. पाकीट रिकामे झाले की महिना कळे. आजही घरखर्चासाठी निराळे बचत खाते उघडून त्यात महिन्याची ठरलेली रक्कम टाकता येते.

मग येतो सर्वांत नाजूक विषय : ठेव मोडण्याचा. डोंबिवलीच्या त्या घराने सहकारी बँकेत ७५ हजारांची मुदत ठेव ठेवली आहे, असे धरू. ठेवीला हात लावायचा नाही, हा मध्यमवर्गाचा संस्कार आहे आणि एरवी तो योग्यच आहे. पण त्यातील ६० हजारांवर सात टक्क्यांनी वर्षाला ४,२०० रुपये मिळतात, आणि तेवढ्याच थकबाकीवर कार्डाला सुमारे ३० हजार द्यावे लागतात. अशा वेळी ठेव जपणे म्हणजे गळक्या हंड्याशेजारी पेला भरून ठेवणे. १५ हजार अडीअडचणीसाठी खात्यात राखून ६० हजार भरले, तर कर्ज ४० हजारांवर येते. म्युच्युअल फंडातील गुंतवणूक काही महिने थांबवली तर तीन हजार सुटतात. शिलकीचे तीन हजार आहेतच. बाहेरचे खाणे आणि न पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांची वर्गणी यांतून दोन हजार निघाले तर दरमहा आठ हजार होतात, आणि उरलेले कर्ज सहा महिन्यांत संपते. वर्षाला ४२ टक्के व्याज देत असताना १२ टक्क्यांच्या आशेने गुंतवणूक चालू ठेवणाऱ्यास शिस्तप्रिय म्हणता येत नाही. विम्याचा हप्ता आणि आईवडिलांची औषधे यांना मात्र हात लावू नये. तेथे वाचवलेला पैसा पुढे दामदुपटीने जातो.

ठेवच नसेल तर सोने आहे. बँकेतील सोनेतारण कर्जाचा दर कार्डाच्या दराच्या कितीतरी खाली असतो. दागिना तारण ठेवण्यात अप्रतिष्ठा वाटते, ती अनाठायी आहे. एका लाखावर महिन्याला चार हजारांहून अधिक गमावण्यात अप्रतिष्ठा वाटत नाही, कारण ती कोणाला दिसत नाही. अट एकच : त्या पैशाने रिकामे झालेले कार्ड पुन्हा भरू द्यायचे नाही. नाहीतर एका कर्जाची दोन होतात, आणि असे पुष्कळदा होते. बँक स्वतःच थकबाकीचे मासिक हप्ते करून देण्याचा प्रस्ताव ठेवते. त्याचा दर कार्डापेक्षा कमी असतो, पण प्रक्रिया शुल्क आणि मुदतपूर्व फेडीचा आकार विचारूनच होकार द्यावा. 'थोडे भरा, प्रकरण मिटवू' या तडजोडीपासून शक्यतो दूर राहावे. तिची नोंद पतइतिहासात वर्षानुवर्षे राहते आणि उद्या मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना ती आडवी येते.

कार्डे दोन-तीन असतील तर सर्वांत चढ्या दराचे आधी फेडावे, असे हिशेब सांगतो. पण कार्डांचे दर बहुधा जवळपास सारखेच असतात. म्हणून सर्वांत लहान बाकीचे कार्ड आधी संपवावे आणि दंड टाळण्यासाठी तेवढ्यापुरती इतरांची किमान रक्कम भरावी. एक बिल कायमचे थांबले, की घरातील सर्वांनाच हुरूप येतो.

आणि पूर्ण रक्कम भरल्यानंतरही पुढच्या महिन्यात काही शे रुपयांचे बिल येऊ शकते. ते बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या तारखेपर्यंतच्या दिवसांचे व्याज असते. चूक समजून ते सोडून दिले, तर त्यावर दंड चढतो. ते भरावे, पुढचे बिल शून्याचे आल्याची खात्री करावी आणि नको असलेले कार्ड बंद करण्याचा अर्ज लेखी द्यावा. बाकी शून्य असताना बँकेने सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद केले नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये तिने ग्राहकाला द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अर्जाची पोच त्यासाठी जपून ठेवावी.