बोल्गेरीची पंगत

इटलीत शाळेत गेलेल्या बहुतेक माणसांना जोझुए कार्दुच्ची या कवीची 'सान मार्तीनो' ही छोटी कविता पाठ असते. चार कडवी, सोळा ओळी. डोंगरावर धुके, खाली खवळलेला समुद्र, खेड्याच्या गल्ल्यांतून येणारा आंबत्या वाइनचा वास, विस्तवावर फिरणारी सळई आणि दारात उभा राहून आकाशाकडे पाहणारा शिकारी, एवढेच तिचे साहित्य. ही कविता १८८३ सालची. तिच्यात वाइन आणि अन्न शेजारी आहेत, पण कशाबरोबर काय प्यावे याची चर्चा तिथे नाही. एका खेड्याचा एक दिवस आहे, आणि त्या दिवसाचाच भाग म्हणून ती दोन्ही आली आहेत.

कार्दुच्चीचे बालपण तोस्कानाच्या किनाऱ्यावरील मारेम्मा भागात, बोल्गेरी आणि कास्तान्येतो या गावांत गेले. वडील डॉक्टर होते. १८३८ ते १८४९ अशी सुमारे अकरा वर्षे हे कुटुंब तिथे राहिले. १९०६ साली कार्दुच्चीला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणारा तो पहिला इटालियन लेखक. पुढच्याच वर्षी तो वारला आणि कास्तान्येतोचे नाव 'कास्तान्येतो कार्दुच्ची' असे झाले. आज मात्र जगात बोल्गेरी हे नाव कवितेमुळे कमी आणि लाल वाइनमुळे अधिक घेतले जाते. सुमारे १३०० ते १४०० हेक्टर द्राक्षबागांचा हा पट्टा इटलीतल्या सर्वांत महागड्या वाइनांचे माहेर समजला जातो. ही वाइन आणि कार्दुच्चीने गल्लीत हुंगलेली वाइन यांचा परस्परांशी फारसा संबंध नाही. या लेखाचा विषय तो तुटलेला संबंध आहे. कारण या वाइनबरोबर काय खावे हे सांगणाऱ्या बहुतेक लेखनात 'शतकानुशतकांची परंपरा' हे शब्द हटकून येतात, आणि ते खरे नाहीत.

आधी जमीन पाहू. दान्तेने 'इन्फेर्नो'च्या तेराव्या सर्गात आत्मघातक्यांचे अरण्य वर्णिले आहे. त्या अरण्याचा भेसूरपणा वाचकाला कळावा म्हणून त्याने पृथ्वीवरचे उदाहरण घेतले ते चेचिना आणि कोर्नेतो यांच्या दरम्यानच्या झाडीचे, जिथे लागवडीच्या जमिनीला तुच्छ मानणारी श्वापदे राहतात. चेचिनाच्या थोडे दक्षिणेला बोल्गेरी आहे. म्हणजे चौदाव्या शतकात हा भाग नरकाच्या उपमेला योग्य होता. दलदल, हिवताप, विरळ वस्ती आणि रानडुकरे. 'मारेम्मा आमारा', म्हणजे कडू मारेम्मा, या नावाचे लोकगीत या हिवतापाच्या दुःखातून जन्मले. एकोणिसाव्या शतकात तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने दलदल हटवण्याचे मोठे काम सुरू केले, विसाव्या शतकात ते पुढे गेले, आणि हिवताप पुरता गेला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. द्राक्षांच्या ज्या रांगा आज छायाचित्रांत अनादि काळापासून असल्यासारख्या दिसतात, त्यांच्याखालची जमीन दोन-अडीच पिढ्यांपूर्वी माणसाच्या प्रकृतीला मानवत नव्हती.

अशा भूमीचे अन्न गरिबाचेच असणार. 'आक्वाकोत्ता' हा इथला नावाजलेला पदार्थ. त्याचा शब्दशः अर्थ 'शिजवलेले पाणी'. कांदा, सेलरी, टोमॅटो पाण्यात शिजवायचे, शिळ्या पावावर ओतायचे, जमले तर वर एक अंडे आणि मेंढीच्या दुधाचे पेकोरीनो चीज. गुराख्यांचे आणि लाकूडतोड्यांचे हे जेवण. तोस्कानाचा पाव अळणी असतो. हद्दपारीचे दुःख सांगताना दान्तेला परक्याच्या पावातले मीठ का आठवले असेल, हे तो अळणी पाव खाल्ल्यावर अधिक कळते. पाव अळणी म्हणून त्याच्याबरोबरचे चीज आणि मांस खारट. रानात रानडुक्कर मुबलक. त्याचे उग्र मांस लाल वाइन, लसूण, तेजपान, रोझमेरी आणि जुनिपरची फळे यांत मुरवून मंद आचेवर शिजवायचे, आणि रुंद पट्ट्यांच्या 'पापार्देल्ले' या पास्त्याबरोबर वाढायचे.

उत्तरेकडे थोड्या अंतरावर लिव्होर्नो हे बंदर आहे. तिथला 'काच्चुक्को' हा माशांचा रस्सा. माकूळ, ऑक्टोपस आणि काटेरी, स्वस्त मासे यांचा. लसूण, सेज, मिरची आणि टोमॅटो यांच्यात तो शिजतो, लसूण चोळलेल्या भाजक्या पावावर वाढला जातो, आणि त्यात वाइन पडते ती लाल. मेदिची घराण्याच्या फेर्दिनांदो पहिला याने १५९१ आणि १५९३ साली सनदा काढून ज्यू, तुर्क, ग्रीक, आर्मेनियन अशा सर्व व्यापाऱ्यांना लिव्होर्नोत वस्तीला बोलावले होते. काच्चुक्को हे नाव 'लहान' अशा अर्थाच्या तुर्की शब्दावरून आले, असे सामान्यतः मानतात. मिरची आणि टोमॅटो तर अमेरिकेचे. किनाऱ्याचा हा 'अस्सल' पदार्थ निम्म्याहून अधिक पाहुण्यांच्या सामग्रीवर उभा आहे.

आता वाइन. मारियो इंचिझा देल्ला रोक्केत्ता हा मूळचा पिएमोंते प्रांतातला सरदार. पिसात शेतकीचे शिक्षण घेतलेला, घोड्यांचा शौकीन. १९५५ आणि १९५६ असे लागोपाठ दोनदा पॅरिसची प्रसिद्ध शर्यत जिंकणारा रिबो हा घोडा तो भागीदार असलेल्या तबेल्याचा. पत्नीकडून त्याला बोल्गेरीजवळची सान ग्विदो ही जमीन मिळाली. कार्दुच्चीच्या एका कवितेमुळे अजरामर झालेला सायप्रस वृक्षांचा सुमारे ५ किलोमीटरचा सरळ रस्ता तिथूनच बोल्गेरीकडे जातो. मारियोला बोर्दोच्या वाइनची आवड होती. १९४४ साली त्याने समुद्रापासून आत, टेकडीवर, कॅबरने सॉव्हिन्यॉनची कलमे लावली. ही कलमे पिसाजवळच्या मिल्यारीनो येथील एका जुन्या बागेतून आली होती. म्हणजे परदेशी वेल तोस्कानात आधीच येऊन राहिला होता. किनाऱ्याजवळची वाइन चांगली होत नाही, असा तेव्हा समज होता. पहिली अनेक वर्षे ही वाइन घरातच प्यायली गेली, आणि हलक्या वाइनची सवय असलेल्या आप्तमित्रांना ती रुचली नाही. जमीन खडकाळ म्हणून तिचे नाव 'सास्सिकाया', म्हणजे दगडाळ जागा. १९६८ सालच्या द्राक्षांची वाइन प्रथम बाजारात आली. त्या कामी पिएरो आंतिनोरी आणि वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांचा हात होता. १९७८ साली लंडनमध्ये 'डिकँटर' मासिकाने घेतलेल्या चाचणीत, जगभरच्या कॅबरने वाइनांत १९७२ सालची सास्सिकाया पहिली आली.

यातली गंमत अशी की ही पहिली आलेली वाइन कायद्याने 'व्हीनो दा ताव्होला', म्हणजे रोजच्या जेवणाची साधी वाइन, या सर्वांत खालच्या वर्गात मोडत होती. प्रदेशाच्या नावाने वाइन विकण्याचा दर्जा देणारा कायदा इटलीत १९६३ सालापासून होता. पण १९८३ साली बोल्गेरीला तो दर्जा मिळाला तेव्हा त्यात फक्त पांढरी आणि गुलाबी वाइन होती. लाल वाइनचा समावेश १९९४ साली झाला, आणि २०१३ साली सास्सिकायाला स्वतःचा स्वतंत्र दर्जा मिळाला. ज्या वाइनमुळे गावाचे नाव जगात झाले, तिला गावाचे नाव लावायला सव्वीस वर्षे थांबावे लागले.

इथे साहित्याच्या विद्यार्थ्याला पुन्हा कार्दुच्ची आठवावा. १८७७ साली त्याने 'ओदी बार्बारे' हा संग्रह काढला. नावाचा अर्थ 'रानटी स्तोत्रे' असा काहीसा. ग्रीक आणि लॅटिन वृत्ते लघु-गुरूंच्या मापावर चालतात. मराठी वाचकाला ते समजावून सांगण्याची गरज नाही. इटालियन पद्य आघातावर आणि अक्षरसंख्येवर चालते. त्यात लघु-गुरूंचा हिशेब नाही. कार्दुच्चीने रूढ इटालियन ओळी जोडून त्या प्राचीन वृत्तांचा भास निर्माण केला. प्राचीनांच्या कानाला ही वृत्ते रानटी वाटतील आणि आजच्या बहुतेक इटालियनांनाही, म्हणून नावच रानटी, अशी त्याची भूमिका होती. त्याने परकेपणा लपवला नाही. कृती मात्र घरच्या सामग्रीने केली. मारियोच्या वाइनची गोष्ट याहून फार वेगळी नाही. वेल बोर्दोचा, दगड आणि वारा मारेम्माचे, आणि नोंदवहीत लावायला नाव नाही.

आपल्याकडेही हे घडले आहे, आणि त्याचा धागा इटलीपर्यंतच पोचतो. सॉनेट हा प्रकार तेराव्या शतकात सिसिलीच्या दरबारात जन्मला, इंग्रजीत गेला, आणि केशवसुतांनी १८९२ साली तो मराठीत आणला. मराठी सुनीत पुढे बहुतांशी शार्दूलविक्रीडितासारख्या अक्षरगणवृत्तांत लिहिले गेले. कार्दुच्चीने जुनी वृत्ते नव्या भाषेच्या ओळींत आणली. आपण परक्या रचनेला आपली वृत्ते दिली. भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेची मांडणी केल्यापासून 'देशी' हा शब्द आपल्या समीक्षेत सतत वापरात आहे. त्या मांडणीत देशीकरणाला जागा आहे. वर्गात शिकवताना मात्र ती जागा पुष्कळदा हरवते आणि 'जे आधीपासून इथे होते ते देशी' असे सोपे समीकरण उरते. हे समीकरण लावायचे तर आक्वाकोत्तामधून टोमॅटो काढावा लागेल, आणि आपल्या स्वयंपाकघरातून मिरची व बटाटा. मग मातीचे असणे ठरवायचे कशावरून? माझ्या मते ते पंगतीवरून ठरवावे. आलेला पाहुणा इथल्या पानातल्या पदार्थांशेजारी कसा बसतो, त्यांची चव वाढवतो की मारतो, आणि त्यांच्यामुळे स्वतः किती बदलतो, ही खरी कसोटी.

ही कसोटी बोल्गेरीच्या वाइनला प्रत्यक्ष लावून पाहता येते. कॅबरनेच्या सालींत आणि बियांत टॅनिन पुष्कळ असते. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटते आणि तोंड तुरट, कोरडे होते. समोर चरबी आणि प्रथिने असलेले मांस असेल तर टॅनिनला तिथे काम मिळते आणि तुरटपणा सौम्य लागतो. म्हणून रानडुकराचा रस्सा आणि ही वाइन यांचे जमते. रस्सा मुळातच लाल वाइनमध्ये मुरलेला असल्यामुळे पेल्यातली चव पानात ओळखीची वाटते. निखाऱ्यावर भाजलेले गोमांस, मुरलेले पेकोरीनो यांच्याशीही जमते. जुनी, दोन वर्षे मुरवून बाजारात येणारी 'बोल्गेरी सुपेरियोरे' या पदार्थांची.

खरी परीक्षा काच्चुक्कोची. 'माशाबरोबर लाल वाइन नको' हा नियम निराधार नाही. लाल वाइनमधल्या लोहामुळे माशाची नकोशी चव उरते, हे २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले. तरीही लिव्होर्नोचा माणूस काच्चुक्कोबरोबर लाल वाइनच मागवतो, कारण टोमॅटो, लसूण आणि मिरची यांनी तो रस्सा इतका भक्कम केलेला असतो की नाजूक पांढरी वाइन त्यात हरवते. पण तिथे जड, लाकडी पिंपातली, तुरट वाइन चालत नाही; तरुण, साधी 'बोल्गेरी रोस्सो', शक्यतो सांजोवेझे या स्थानिक द्राक्षाचा वाटा असलेली, थोडी गार करून चालते. म्हणजे या पंगतीत मान आहे तो धाकट्या, स्वस्त बाटलीला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सास्सिकायाची बाटली आज दोनशे युरोंच्या वर जाते. मारेम्मातले कोणते घर ती रानडुकराच्या रश्श्याबरोबर उघडणार? ती लिलावात आणि तळघरांत असते. हा आक्षेप मी मान्य करतो, आणि माझ्या मुद्द्याला तो पूरकच आहे. ज्या वाइनचे नाव 'साधी, जेवणाची' असे होते तेव्हा ती घरच्या पानाशेजारी होती. तिला मानाचे नाव मिळाले आणि ती पानावरून उठली. अभ्यासक्रमात गेलेल्या अनेक पुस्तकांचे असेच होते. त्यांची किंमत वाढते, वाचक कमी होतो, आणि उरतात ती गाइडे. कशाबरोबर काय प्यावे याच्या ज्या तयार याद्या मिळतात, त्या या गाइडांच्याच जातीच्या आहेत. रसग्रहणाचे मुद्दे त्यांत बिनचूक असतात, पण कोणी जेवलेले नसते.

कार्दुच्चीच्या खेड्यात ज्या वाइनचा वास येत होता तिचे नाव कवितेत नाही. ती बहुधा आंबट, टिकाऊ नसलेली, कोणत्याही चाचणीत न उतरणारी असेल. तरी त्या सळईवरच्या मांसाशी तिचे नाते आपल्याला निःशंकपणे पटते, कारण दोन्ही एकाच घराच्या विस्तवाजवळ आहेत. बोल्गेरीच्या नव्या वाइनला ते नाते लाभू शकते. काच्चुक्कोच्या ताटाशेजारच्या स्वस्त पेल्यात ते लाभलेही आहे. परक्या वृत्ताला, परक्या वेलाला, परक्या विचाराला आपले म्हणायचे की नाही, याचा निर्णय मंडळांनी आणि शिक्क्यांनी द्यायला सव्वीस वर्षे लागतात. पंगतीला बसलेल्यांना तो पहिल्या घासालाच कळतो.