घरगुती शास्त्र : उन्हानें बिघडलेलीं अक्षरें

वैशाखांत गच्चीवर पापड-कुरडया वाळत घातल्या म्हणजे त्यांची राखण बहुधा घरांतील मुलांकडे येते. संध्याकाळीं मुलें रापून खालीं येतात. पुढें पावसाळ्यांत रंग उतरतो आणि ऊन विसरलें जातें. त्वचा मात्र तें सगळेंच विसरत नाहीं.

त्वचेच्या प्रत्येक जिवंत पेशींत डीएनए नांवाची एक पोथी असते, असें समजा. पेशीनें केव्हां वाढावें आणि केव्हां थांबावें, हें तींत चार रासायनिक अक्षरांनीं लिहिलेलें असतें. उन्हांतील अतिनील किरण या पोथीवर पडले म्हणजे थायमिन नांवाचीं शेजारशेजारचीं दोन अक्षरें, ओलीं पानें चिकटावींत तशीं, एकमेकांस चिकटतात. पेशी ती जागा हुडकून काढते, तेथील सुमारें तीस अक्षरांचा तुकडा कापून टाकते आणि समोरच्या धाग्यावरील मजकूर पाहून तो पुन्हां भरून काढते. या व अशा इतर दुरुस्त्यांचा उलगडा केल्याबद्दल लिंडाल, मॉड्रिक व सांजार या तिघां शास्त्रज्ञांस २०१५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

दुरुस्ती होण्यापूर्वींच पोथीची नक्कल उतरली, तर मात्र चूक कायम होऊं शकते. २०१५ सालींच इंग्लंडांतील सँगर संस्थेनें चार प्रौढ माणसांच्या पापणीची, शस्त्रक्रियेंत काढलेली जादा कातडी तपासली. तिचे २३४ बारीक तुकडे पाहतां, सुमारें चतुर्थांश पेशींत कर्करोगाशीं संबंध असलेले बदल सांपडले! कातडी दिसावयास अगदीं निरोगी होती. म्हणजे अशी एखादी चूक झाली कीं लगेच रोग होतो, असें नव्हे; अनेक चुका एकाच पेशींत सांचाव्या लागतात.

जातां जातां एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. मुलगी पाहावयास आलेली मंडळी ज्या सावळेपणास नाक मुरडतात, तो रंग म्हणजे पेशीनें आपल्या पोथीवर धरलेली छत्री होय. तिनें सगळें ऊन अडत नाहीं, पण बरेंच अडतें.

ज्यांच्या पेशींस ही दुरुस्ती साधत नाहीं अशीं मुलेंहि जन्मास येतात. त्यांच्या रोगास झीरोडर्मा पिगमेंटोझम म्हणतात. व्हिएन्नाचे वैद्य कापोसी यांनीं १८७० च्या सुमारास त्याचें वर्णन केलें. परंतु मूळ दोष दुरुस्तींत आहे हें १९६८ सालीं अमेरिकेंत जेम्स क्लीव्हर यांनीं दाखविलें. दोन वर्षांच्या आंतच तोंडावर दाट तपकिरी ठिपके उठणें, थोड्या उन्हानेंहि कातडी भाजणें, उजेडाकडे डोळे उघडतां न येणें, हीं त्याचीं लक्षणें. रोग विरळा आहे, पण अशा मुलांस लहान वयांतच त्वचेचा कर्करोग होऊं शकतो. म्हणून अंगारे-धुपारे करण्यांत दिवस न घालवितां त्वचारोगतज्ज्ञास दाखवावें.

येथें घरांतील वडील मंडळींस स्पष्ट सांगितलें पाहिजे. असें मूल झालें म्हणजे सुनेनें ग्रहण पाळलें नाहीं, असा बोल तिला लावणें निव्वळ अन्याय आहे. दोष आई व बाप या दोघांकडूनहि आलेला असतो, आणि तीं दोघें स्वतः निरोगी असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक. मामेबहिणीशीं लग्न करण्याची चाल कांहीं घराण्यांत आहे. अशा नात्यांत दोघांच्या पोथींत तीच चूक असण्याचा संभव वाढतो. तेव्हां पुढील अपत्याचा विचार करण्यापूर्वीं दोघांनींहि वैद्यकीय सल्ला घ्यावा.

या रोगावर मुळापासून उपाय अजून नाहीं. ऊन टाळणें हाच मुख्य इलाज. साध्या कांचेंतूनहि कांहीं अतिनील किरण आंत येतात, म्हणून खिडकीस ते अडविणारा पातळ पडदा चिकटवितात. दाट विणीचे पूर्ण कपडे, रुंद टोपी व चष्मा हवा. ऊन नाहीं म्हणून ‘ड’ जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्यानें द्यावें लागतें. अशा मुलाचें अंगणांतील खेळणें दिवेलागणीनंतर ठेवावें, आणि शेजारच्या सवंगड्यांसहि तेव्हांच बोलवावें.